दर आठवड्याचे लेख थांबवून कादंबरीला बसावं का?

कन्नाचौक
नमस्कार मंडळी. सोलापूरवर दर आठवड्याला एक लेख, असा ब्लॉग चालू आहे. पेठा, गिरण्या, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, खाणंपिणं हे विषय. आता कादंबरी लिहायची आहे. काळ १९३० चा मे महिना, घर जुन्या गिरणीत कामाला जाणाऱ्यांचं, आणि शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल.

लेख पूर्ण थांबवावेत, कमी करावेत की दोन्ही बरोबर चालवावं? माझा कल थांबवण्याकडे आहे. पण जुन्या लेखांचं काय करायचं, वाचकांना काय सांगायचं आणि लेखाला सरावलेला हात कथेकडे कसा वळवायचा, यावर तपशिलात लिहा. नुसतं 'लिहीत राहा' नको.

होटगी_रोड
पूर्ण थांबवू नका. महिन्याला एक लेख ठेवा, तोही आधी लिहून ठेवलेला. कादंबरीला हात घालण्याआधी सहा लेख तयार करा, तारखा लावून टाका. सहा महिने तिकडे बघायचं कारण नाही. सणावाराशी बांधलेले विषय त्यात घेऊ नका, तारीख चुकली की लेख शिळा होतो. तुटलेला वाचक परत आणणं फार अवघड असतं, आणि पुस्तक निघेल तेव्हा पहिला गिऱ्हाईक तोच असणार आहे.

तिखटमीठ
+१. वाचक हीच ठेव.

माळरान
होटगी_रोड, इथे माझं मत वेगळं आहे. आधी हिशेब मांडू.

बाराशे शब्दांचा बरा लेख म्हणजे विषय ठरवणं, दोन-तीन ठिकाणी फिरून माहिती ताडून पाहणं, फोटो, लिहिणं, शुद्धलेखन आणि मग प्रतिक्रियांना उत्तरं. आठवड्याचे सात-आठ तास सहज जातात. कादंबरी साठ हजार शब्दांची धरा. आठवड्यातले पाच दिवस रोज सहाशे शब्द झाले तर आठवड्याला तीन हजार, म्हणजे पहिला खर्डा वीस आठवड्यांत. त्या सहाशे शब्दांना रोज दीड तास लागतो. आठवड्याचे साडेसात तास झाले. म्हणजे एका लेखाचा वेळ हाच एका कादंबरीचा वेळ आहे. नोकरी आणि घर सांभाळून या दोन्हींना जागा नसते.

पण वेळ हा लहान भाग आहे. मोठा भाग सवयीचा. लेख त्याच आठवड्यात पुरा होतो, लगेच दाद मिळते आणि मन निवतं. कादंबरीत पाच-सहा महिने कोणी हूं की चूं करत नाही. ज्याला दर रविवारी दाद मिळते तो पस्तिसाव्या पानावर अडला की लेखाकडे पळतो, कारण तिथे यश हमखास असतं. महिन्याला एक लेख ठेवला तरी ही पळवाट उघडीच राहते. शिवाय चांगला प्रसंग दिसला की 'हा लेखात घालू' म्हणून खर्च होतो. गिरणीच्या भोंग्यावर सुंदर लेख लिहिलात की कादंबरीत भोंगा वाजताना तुमचेच जुने शब्द आठवतात आणि नवं वाक्य सुचत नाही.

म्हणून पहिला खर्डा होईपर्यंत लेख पूर्ण बंद. दुसऱ्या खर्ड्याला परत सुरू करा. तेव्हा कात्री चालवायची असते आणि मध्ये थोडी फट पडलेली बरीच.

होटगी_रोड
माळरान, आठवड्याचा लेख आणि आधी लिहून ठेवलेला महिन्याचा लेख यांत फरक आहे. प्रतिक्रिया बंद ठेवल्या तर दादही नाही आणि पळवाटही नाही. माझं म्हणणं तेच राहील.

मुद्रितशोधक
लेखांच्या आवराआवरीबद्दल लिहितो, यात लोक फार घोळ घालतात.

जुने लेख उडवू नका. शोधातून येणारा वाचक त्यांच्यावरच येतो, आणि दुसऱ्यांनी दिलेले दुवेही तुटतात. आधी प्रत उतरवून घ्या. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, वर्डप्रेसमध्ये टूल्सखाली एक्सपोर्ट. दोन्हींकडून एक्सएमएल स्वरूपातली फाइल मिळते. तिच्यात मजकूर आणि प्रतिक्रिया असतात, फोटो नसतात. फोटोंचे नुसते पत्ते असतात. फोटो वेगळे उतरवा, वर्षवार फोल्डर करा आणि ती प्रत दोन ठिकाणी ठेवा.

स्वतःच्या नावाचं डोमेन असेल तर नूतनीकरण आपोआप होईल असं लावा, आणि जोडलेलं कार्ड मधेच संपत नाही ना ते पाहा. लक्ष नसताना डोमेन सुटलं की कोणीतरी उचलतं आणि तुमच्या जुन्या दुव्यांवर भलत्याच जाहिराती दिसू लागतात.

प्रतिक्रिया मंजुरीवर टाका. उघड्या ठेवून सहा महिने फिरकला नाहीत तर लेखांखाली कर्जाच्या आणि जुगाराच्या जाहिरातींचा उकिरडा होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कादंबरीची प्रकरणं नमुना म्हणूनही वर टाकू नका. दिवाळी अंक आणि कथास्पर्धा बहुधा 'अप्रकाशित' साहित्य मागतात, आणि तिथे टाकलेलं प्रकाशितच धरलं जातं.

अक्षता
वाचकांना काय सांगायचं, त्यावर. निरोप चार ओळींचा असावा. काय थांबतंय, जुने लेख वाचायला राहतील, नवं काही आलं तर कुठे कळेल. बास. पुस्तकाची तारीख देऊ नये, नाव देऊ नये, कथानक तर मुळीच नको. कथानक चारचौघांत सांगून टाकलं की लिहायची ओढ निम्मी होते. तारीख दिली की भेटेल तो 'कुठवर आलं?' विचारतो, आणि नव्या पेठेतून घरापर्यंत जायचं अवघड होतं :)

पूर्वभाग
हात कथेकडे कसा वळवायचा, हा खरा प्रश्न. त्याला उदाहरणच हवं. लेखातली चार वाक्यं घ्या:

"सोलापूरच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बिड्या वळतात. मजुरी हजार बिड्यांवर मिळते. पान आणि तंबाखू मोजून दिली जाते. पान खराब निघालं तर तोटा त्या बाईलाच सोसावा लागतो."

लेख म्हणून यात खोट नाही. पण यात कोणी माणूस नाही आणि आत्ताचा क्षण नाही. आता हेच:

"नर्सम्मानं पुडा सोडला. वरची चार पानं तळहाताएवढी, पाचव्यापासून भोकं. तिनं सूप मांडीवर ओढलं, फर्मा पानावर आडवा ठेवला, उभा ठेवला. एकच बिडी निघत होती.
'अत्तम्मा, हजार भरतील?'
'कात्री दे आधी.'
सुनेनं कात्री दिली आणि कोनाड्यातला पैशाचा डबा हळूच मागे सरकवला."

मजुरी, तोटा, हजाराचा हिशेब सगळं आलं, पण कोणी समजावून सांगितलं नाही. पान कमी पडलं तर पदरच्या पैशानं विकत आणायचं, हे त्या डब्यातून कळतं. ज्याला बिडीतलं काही माहीत नाही त्यालाही काहीतरी अडलंय एवढं समजतं. तेवढं पुरे.

सराव असा करा. स्वतःचे दहा जुने लेख काढा. प्रत्येकातला माहितीचा एक परिच्छेद निवडा. त्यात एक माणूस, त्याला आत्ता हवी असलेली एक गोष्ट आणि आड येणारी एक गोष्ट घाला. तीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. 'कारण', 'म्हणजेच', 'थोडक्यात', 'वास्तविक पाहता' हे शब्द दिसले की खोडा. हे लेखाचे सांधे आहेत, कथेत ते उघडे पडतात.

आणि शेवट. लेखाला समारोप लागतो, तो हात प्रकरणाच्या शेवटीही समारोप करून मोकळा होतो. खर्डा झाला की प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. दहातल्या सातांना तो नसलेलाच बरा असतो.

शेंगापोळी
पूर्वभाग, वाचनखूण साठवली. डब्याचं वाक्य फार आवडलं.

माळरान
पूर्वभाग यांना अनुमोदन, एक पुरवणी. लेखातला 'मी' सगळं जाणतो आणि वाचकाच्या बाजूनं बोलतो. कादंबरीत तोच 'मी' घेऊन गेलात तर १९३० च्या मुलाच्या तोंडी आजच्या अभ्यासकाचं शहाणपण येतं. पहिला खर्डा तृतीयपुरुषी लिहावा आणि एका प्रकरणात एकाच माणसाच्या डोक्यात राहावं. त्या माणसाला जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते लिहायचं नाही. गिरणीत मागाजवळ उभा असेल तर त्याला चौकातलं भाषण ऐकू येणारच नाही. तिथे शेजारच्याशीही खुणेनं बोलावं लागतं.

तिखटमीठ
म्हणजे कादंबरीत माहिती नकोच? सोलापूरच्या वाचकाला ती हवी असते. गिरण्यांबद्दल नव्या पिढीला काही ठाऊक नाही.

जुनी_गिरणी
माहिती हवीच, पण लेखकाच्या पाठीशी. आणि ती पक्की हवी, सोलापूरचा वाचक एक चूक सोडणार नाही. १९३० साठी नेहमी जिथे पाय घसरतो त्या जागा सांगतो.

पाळ्या. 'तिसरी पाळी सुटली' असं सर्रास लिहिलं जातं. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या त्या वेळी नव्हत्या. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यानं दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा होती. ती १९३४ च्या कायद्यानं दहा आणि चोपन्न झाली. १९४६ च्या दुरुस्तीनं ती नऊ आणि अठ्ठेचाळीसवर आली. तुमच्या कादंबरीतला बाप अकरा तासांनी घरी येतो. पोर त्याला जागेपणी किती बघतं, याचा विचार तिथून सुरू करा.

पैसे. रुपये, आणे, पै. दशमान नाणी १९५७ ची. अंतर मैलात, धान्य मापट्यानं आणि पायलीनं.

पाणी. उजनी धरण नाही. 'चार दिवसांआड नळ' ही अलीकडची अडचण तिकडे नेऊ नका. एकरुखचा तलाव, विहिरी, आड यांवर राहा.

कापड. सोलापुरी चादर डोक्यात इतकी बसलेली असते की १९३० च्या घरातही जेकॉर्डची (नक्षीच्या मागावरची) चादर अंथरली जाते. तेव्हा हातमागावर मुख्यतः लुगडी विणली जात.

नकाशा. अक्कलकोट तेव्हा संस्थान. मार्शल लॉमधून निसटणारा माणूस तिकडे गेला तर तो दुसऱ्या राजवटीत गेला. कथानकाला याचा मोठा उपयोग आहे.

सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेली कुटुंबं होती, आणि त्यांतली माणसं गिरण्यांत कामाला जात. गिरणीवरची कादंबरी त्यांच्याशिवाय लिहिली तर अपुरी राहील.

तारखा. गांधीजींना अटक ५ मे १९३०, त्यावरून उसळलेल्या आंदोलनानंतर सोलापुरात मार्शल लॉ १२ मे. त्याच आंदोलनातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी १२ जानेवारी १९३१. ही शेवटची तारीख नीट पाहा. संक्रांत दोन दिवसांवर आलेली, म्हणजे शहरात सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची आणि गड्ड्याची लगबग. एकीकडे यात्रेतल्या यण्णीमज्जन (तैलाभिषेक) आणि अक्षता सोहळ्याची तयारी, दुसरीकडे येरवड्याहून येणारी बातमी. हे जुळवून आणावं लागत नाही, पंचांगातच आहे.

जुने इंग्रजी कागद शोधताना शहराचं नाव 'शोलापूर' या स्पेलिंगनं टाका, नाहीतर अर्धे सापडत नाहीत. १८८४ चं गॅझेटिअर पेठा, बाजार आणि धंद्यांसाठी चांगलं. शहर समजून घ्यायला त्याचा उपयोग करा, पण ते कादंबरीच्या काळाआधी शेहेचाळीस वर्षांचं आहे हे विसरू नका.

कन्नाचौक
जुनी_गिरणी अण्णा, पाळ्यांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. अक्कलकोटचाही. यादी वहीत उतरवली.

शेंगापोळी
या काळाच्या घरात शेंगाचटणी असेल ना? डब्यात भाकरी आणि चटणी द्यायची असेल तर ती उखळात कुटलेली द्या. शेंगदाणे भाजून, सालं काढून, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून कुटत राहायचं, दाण्याला तेल सुटून गोळा होईपर्यंत. मिक्सरमध्ये पातं जोरात फिरतं, दाण्याचा भुगा होतो आणि तेल सुटायच्या आत आपण बंद करतो. म्हणून ती कोरडी लागते. पहाटेचा प्रसंग असेल तर कुटण्याचा आवाज शेजारी जातो हेही वापरता येईल.

तिखटमीठ
तिखट ब्याडगी की लवंगी? ;)

शेंगापोळी
रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी. दोन्ही.

अक्षता
धागा चटणीवर गेला, आता तासभर परत येत नाही :)

बाळीवेस
परत आणतो. संवादांचं काय? सोलापुरी बोली पूर्ण उतरवायची की प्रमाण मराठीत लिहायचं? शिवाय तेलुगू, कन्नड, उर्दू आहेतच. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवायला हरकत नाही, पात्राच्या तोंडी त्याची बोली चालते. पण किती?

पूर्वभाग
बाळीवेस, माझं मत असं की प्रत्येक उच्चार कागदावर उतरवू नये. वाचक अक्षरं लावत बसतो आणि माणूस हातातून जातो. प्रत्येक पात्राला दोन-तीन खुणा द्या आणि त्या शेवटपर्यंत पाळा. 'काय करायलास बे', 'आलो की', 'थांब की बे' एवढ्यात सोलापूर कळतं. 'बे' सुद्धा कोण कोणाला म्हणतो हे ठरवून ठेवा. बरोबरीचे एकमेकांना म्हणतात, मोठा धाकट्याला म्हणतो. नातू आजोबाला म्हणाला की वाचक पुस्तक मिटेल.

दुसऱ्या भाषांसाठी हाका पुरतात. अव्वा, अक्का, अण्णा, अप्पा, अम्मा. रागात, मोजताना आणि लहान पोराशी बोलताना माणूस आपसूक घरच्या भाषेत जातो, तेवढ्याच जागी एखादं वाक्य घाला. कंसात अर्थ देऊ नका. पुढच्याच्या उत्तरातून अर्थ कळेल असं लिहा.

मुद्रितशोधक
पात्रांच्या खुणांचा तक्ता वेगळ्या पानावर करावा: नाव, वय, गिरणीतलं खातं, कोणाला काय म्हणून हाक मारतो, आवडता शब्द. दीडशेव्या पानावर 'काका'चे 'मामा' होतात ते इथेच थांबतं.

आणि फाइलबद्दल. युनिकोडमध्येच लिहा, पण लक्षात ठेवा की बऱ्याच ठिकाणी डीटीपीला (छपाईसाठी पानं लावताना) अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात, आणि तिथे रूपांतर करताना मोडतोड होते. सगळ्यात जास्त मोडतो तो 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो, 'ऱ' ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देऊन किंवा 'र' ला हलन्त देऊन मध्ये अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. फोनवर लिहिलेली आणि संगणकावर लिहिलेली प्रकरणं एकत्र केलीत तर एकाच फाइलमध्ये दोन्ही येतात, आणि शोधल्यावर अर्धेच सापडतात. पाठवण्याआधी शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवा. मग 'ॲ', 'ऑ' आणि अवतरणचिन्हं तपासा. सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे मूळ कसं होतं ते डीटीपीवाल्याला दिसतं.

पानांचा अंदाज हवा असेल तर पुस्तकांच्या नेहमीच्या डेमी आकारात पानाला साधारण २९० शब्द धरा. साठ हजारांची सुमारे २०७ पानं झाली. सोळा पानी फॉर्म मोजले तर तेरा, म्हणजे २०८.

होटगी_रोड
मूळ प्रश्नाकडे येतो. एकदम साठ हजार शब्दांत उडी घेण्यापेक्षा त्याच घरातली एक कथा आधी लिहिता येईल. तीन ते पाच हजार शब्द, सुरुवात ते शेवट पूर्ण. दिवाळी अंकांचं बरंचसं साहित्य पावसाळ्यातच ठरतं, त्यामुळे उन्हाळा संपेपर्यंत ती तयार हवी. पात्रं पेलतात की नाही ते महिन्याभरात कळेल. नाही पेलली तर लेख तुटलेले नसतील.

माळरान
होटगी_रोड, ही सूचना मला पटते. फक्त त्या कथेत मार्शल लॉचा मुख्य प्रसंग घालू नये, तो कादंबरीसाठी राखावा. एखादं पात्र आणि एकच दिवस. बाप पगार घेऊन निघाला आणि घरी पोचेपर्यंत किती उरला, एवढं पुष्कळ आहे.

कन्नाचौक
सगळ्यांचे आभार. असं ठरवतो आहे. चार ओळींचा निरोप टाकून लेख बंद, प्रतिक्रिया मंजुरीवर, बॅकअप आणि फोटो दोन ठिकाणी. आधी लिहून ठेवलेल्या लेखांची वाट धरत नाही. होटगी_रोड, राग मानू नका, ते सहा लेख लिहितानाच उन्हाळा संपेल. पहिले दोन आठवडे पूर्वभाग यांचा सराव, मग पगाराच्या दिवसाची कथा, मग कादंबरी. आठवड्याला पाच दिवस, रोज सहाशे.

एक शंका राहिली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकाराची माणसं उभी असत असं दाखवायचं आहे. हे वाजवी आहे का?

जुनी_गिरणी
आहे. कर्जबाजारीपणा आणि दारातली वसुली ही त्या काळच्या गिरणगावांत सगळीकडे होती. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पगार महिन्याचा आणि उशिरा मिळणारा, म्हणजे महिना उलटून गेल्यावर हातात येणारा दाखवा. तोवर घर वाण्याच्या उधारीवर चालतं. आणि वसुलीवाला नेहमी पठाणच दाखवायची लेखकांना सवय आहे. वाणी, जॉबर, भिशीवाला, घरमालक हेही तिथेच उभे असतात. जॉबर तर त्याच खात्यातला, ज्यानं कामाला लावलं तोच. त्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड. तुमच्या कथेत तोच ठेवा.